गाठीत टोचलेले सोने

टेलिफोनमुळे जगाला ठाऊक झालेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी जुलै १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या डॉ. सॉवर्स यांना एक पत्र लिहिले. मुद्दा थोडक्यात असा : क्ष-किरणांचा आणि रेडियमचा गुण कातडीवरच्या कर्करोगाला येतो, खोलवरच्या गाठींना मात्र येत नाही, कारण किरण बाहेरून सोडले की गाठीपर्यंत पोचण्याआधी त्यांना बरेच निरोगी मांस ओलांडावे लागते, तेव्हा रेडियमचा बारीक कण काचेच्या नळीत बंद करून ती नळी थेट गाठीच्या गाभ्यातच का ठेवू नये? बेल डॉक्टर नव्हते. त्याच वर्षी म्युनिकमध्ये हेरमान स्ट्रेबेल या डॉक्टरांनी गाठीत पोकळ सुई घुसवून तिच्यातून रेडियम आत सरकवले होते. क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला डिसेंबर १८९८ मध्ये. म्हणजे शोध लागून पाच वर्षे व्हायच्या आत ‘औषध गाठीतच टोचा’ ही कल्पना निदान दोन देशांत सुचून गेली होती. आज कर्करोगाच्या गाठीत किरणोत्सर्गी द्रव्य थेट टोचण्याच्या उपचाराची बातमी नवलाईची म्हणून छापली जाते, तेव्हा प्रश्न पडतो तो हा की एवढी सरळ कल्पना सव्वाशे वर्षे अडली कुठे?

नेहमीचे उत्तर असे की तेव्हाचे पदार्थ दुबळे होते, यंत्रे कच्ची होती आणि विज्ञान पुढे गेले तसे किरण अधिक जोरकस झाले. मला हे उत्तर पटत नाही. किरणांची ताकद पहिल्या दिवसापासून हवी तेवढी होती, किंबहुना जास्तच होती. अडचण होती ती त्या ताकदीला जागेवर ठेवण्याची. किरणोत्सर्गी पदार्थ गुरासारखा बांधूनच ठेवावा लागतो, आणि त्याला बांधायला दावी दोनच आहेत. एक म्हणजे भिंत : सुई, नळी, कण, जेल, म्हणजे पदार्थ शरीरात इकडेतिकडे पसरू नये यासाठी जे काही भोवती असेल ते. दुसरे म्हणजे अर्धायुष्य : पदार्थाची निम्मी किरणोत्सर्गिता संपायला लागणारा काळ. भिंत फुटली तरी आयुष्य आखूड असेल तर पदार्थ फार लांब जाण्याआधी विझतो. आयुष्य लांब असले तरी भिंत भक्कम असेल तर काम झाल्यावर तो बाहेर काढता येतो. या उपचाराचा इतिहास मी या दोन दाव्यांचा इतिहास म्हणून वाचतो.

रेडियमपासूनच सुरुवात करू. १९०१ मध्ये आंरी बेकरेल यांनी रेडियमची नळी जाकिटाच्या खिशात बाळगली आणि त्यांच्या कातडीवर जखम उठली. पिएर क्युरी यांनी मुद्दाम स्वतःचा हात भाजून घेऊन तोच परिणाम तपासला, आणि पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयातील डॉ. दांलो यांना त्वचारोगावर वापरून पाहायला थोडे रेडियम उसने दिले. कर्करोगावरचे रेडियम पुढे बहुतेक करून प्लॅटिनमच्या सुयांत आणि नळ्यांत बंद राहिले, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे. ते शरीरात सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता. सुया ठरलेल्या तासांनी काढून, मोजून, कुलपात ठेवल्या जात. किंमतही तशीच होती. १९२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मेरी क्युरी यांना भेट दिलेल्या एका ग्रॅम रेडियमसाठी अमेरिकी स्त्रियांनी १ लाख डॉलरचा निधी जमवला होता. सुई हरवणे म्हणजे रुग्णालयाचे मोठे नुकसान, शिवाय जिथे ती पडली तिथला धोका निराळाच. आता याच काळात याच पदार्थाचे दुसरे काय चालले होते ते पाहा. न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली रेडियममिश्रित रंगाचा कुंचला ओठांनी टोकदार करत होत्या. एबन बायर्स नावाचा श्रीमंत उद्योगपती ‘रेडिथॉर’ हे रेडियमचे पाणी शक्तिवर्धक म्हणून बाटल्या-बाटल्या पीत होता. मुलींच्या जबड्यांची हाडे सडली, बायर्स १९३२ मध्ये मेला. कॅल्शियमशी नाते असलेले रेडियम पोटात गेले की हाडात जाऊन बसते आणि माणसाच्या आयुष्याच्या मानाने कायमचे तिथे राहते. धातूच्या सुईत असलेले रेडियम आणि बाटलीतल्या पाण्यात विरघळलेले रेडियम यांच्या किरणांत काडीचा फरक नव्हता. फरक दाव्याचा होता.

सुई काढावी लागू नये यासाठी पहिली खरी युक्ती निघाली ती रेडियमच्या पोटातून निघणाऱ्या वायूवर. रेडियमपासून रेडॉन सतत सुटत असतो आणि त्याचे अर्धायुष्य फक्त ३.८ दिवसांचे. १९१४ मध्ये डब्लिनमध्ये जॉन जोली हे भूशास्त्रज्ञ आणि वॉल्टर स्टीव्हन्सन हे डॉक्टर यांनी काचेच्या केशनळीत रेडॉन भरून ती पोकळ सुईत घालायची आणि सुई गाठीत टोचायची अशी पद्धत बसवली. मूळ रेडियम तिजोरीत सुखरूप आणि रोग्याकडे जाते ती फक्त त्याची वाफ. काटकसरीच्या दृष्टीने याहून चांगली सोय नव्हती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयाने ही गोष्ट कारखान्यासारखी चालवली. रेडियमचे द्रावण पोलादी तिजोरीत, त्यातून पंपाने ओढलेला वायू शुद्ध करून बारीक नळीत कोंबायचा, नळीचे तांदळाएवढे तुकडे करायचे आणि ते पोकळ सुईतून गाठीत सोडून द्यायचे. ते काढायचे नाहीत. महिन्याभरात ते विझतात. पण पहिले तुकडे काचेचे होते. पातळ काचेतून बीटा किरण सहज बाहेर पडत आणि तुकड्याला चिकटलेले मांस मरून तिथे दुखरी जखम होई, तर दोन तुकड्यांमधली गाठ मात्र काही वेळा जिवंत राही. जिओआकिनो फाइला या पदार्थवैज्ञानिकाने १९२०च्या दशकात काचेऐवजी सोन्याची नळी घेतली. सोने जड, म्हणून बीटा किरण भिंतीतच अडतात आणि पुढे जातात ते खोल पोचणारे गॅमा किरण. शिवाय सोने मऊ, त्यामुळे बोथट पात्याने कापताना नळीची तोंडे आपोआप चिमटून बंद होतात. झाळायची गरज उरत नाही. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा शोध वाटतो. औषध तेच ठेवून नुसती भिंत बदलली आणि रोग्याच्या वेदना कमी झाल्या.

भिंत झाली, आयुष्य आखूड झाले, तरी सुया कुठे टोचायच्या हा प्रश्न शिल्लक होताच. तो अनुभवी डॉक्टरच्या बोटांवर सोडलेला असे, आणि बोटे प्रत्येकाची निराळी. १९३४ मध्ये मँचेस्टरच्या राल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी नियम छापले : अमुक आकाराच्या गाठीसाठी एकूण रेडियम किती, त्यातले कडेला किती आणि मध्ये किती, सुयांमधले अंतर किती. हे नियम जगभर ‘मँचेस्टर पद्धत’ म्हणून वापरले गेले. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एका सेंटिमीटरवर जेवढी, दोन सेंटिमीटरवर तिची चौथाई. हाच गुण या उपचाराचा फायदाही आहे आणि जोखीमही. गाठीबाहेरचे मांस वाचते ते या घटण्यामुळे, पण सुई दोन मिलिमीटर चुकली तर गाठीचा एक कोपरा उपाशी राहतो आणि तिथूनच ती परत वाढते.

यानंतर येतो तो काळ, ज्यात ‘टोचणे’ हा शब्द अक्षरशः खरा झाला. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग दाखवून दिला, आणि युद्ध संपल्यावर ऑगस्ट १९४६ मध्ये टेनेसीतील ओक रिज इथल्या अणुभट्टीतून पहिला समस्थानिक एका रुग्णालयाकडे रवाना झाला. आता डॉक्टरला खाणीतून आलेल्या एकाच धातूवर अवलंबून राहायचे कारण नव्हते. हव्या त्या अर्धायुष्याचा पदार्थ निवडता येणार होता. टेनेसीतल्याच नॅशव्हिलमध्ये पॉल हान आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी सोन्याचे कलिल तयार केले, म्हणजे द्रवात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, आणि ते सुईने थेट ऊतींत झिरपवण्याचे प्रयोग १९४७ मध्ये छापले. सोने-१९८ चे अर्धायुष्य २.७ दिवस, त्याचे बीटा किरण मांसात जास्तीत जास्त चार मिलिमीटर जातात. कण विरघळत नाहीत, त्यामुळे ते टोचल्या जागी राहतील असा हिशेब होता. हान यांच्या नावाला एक काळी बाजूही आहे. त्याच वर्षांत नॅशव्हिलमध्ये आठशेहून अधिक गरोदर स्त्रियांना किरणोत्सर्गी लोह पाजण्याचा जो अभ्यास झाला, त्यात त्यांचा हात होता, आणि आपण काय पितो आहोत हे त्यातल्या बहुतेकींना माहीत नव्हते. नव्या पदार्थाच्या उत्साहात विचारायचे राहून जाते, हे तेव्हा अपवाद नव्हते.

सोन्याचा खरा कस लागला आयोवात. तिथल्या विद्यापीठाच्या मूत्ररोग विभागाचे प्रमुख रुबिन फ्लॉक्स यांनी १९५१ पासून पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगात सोन्याचे कलिल टोचायला सुरुवात केली आणि पहिला अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेले रोगी विचार करायला लावणारे होते. रोग ग्रंथीच्या वेष्टनाबाहेर गेलेला, म्हणून शस्त्रक्रियेने निघणार नाही असा. पण हाडांत पसरलेला नाही. अशा माणसाला त्या काळी चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलेला संप्रेरकांचा उपाय तेवढा होता, आणि तो रोग रोखून धरतो, संपवत नाही. फ्लॉक्स शस्त्रक्रिया करून ग्रंथी उघडी करत आणि सोन्याचा द्रव सिरिंजने तिच्यात व आजूबाजूला सोडत. वेळेचा जाच मोठा होता. सोने-१९८ रोज जवळजवळ एक चतुर्थांश विझते, आठवड्यात त्याचा सहावा हिस्साच उरतो. म्हणजे अणुभट्टीतून माल निघाला की शस्त्रक्रियेची तारीख हलवता येत नसे. गॅमा किरणांमुळे टोचणाऱ्याचे हात, शेजारी उभी असलेली परिचारिका, पुढे काही दिवस रोग्याची खाट, सगळ्यांचाच हिशेब ठेवावा लागे. तरीही फ्लॉक्स यांनी शेकडो रोग्यांवर हे केले. पुढच्या वर्षांत त्यांनी सोन्याची मात्रा कमी केली, आधी ग्रंथी काढायची आणि मग उरलेल्या संशयित जागेत थोडे सोने टोचायचे, असा क्रमही बसवला. ज्याला वाऱ्यावर सोडले जात होते त्या रोग्यासाठी काहीतरी करण्याची ही धडपड होती, आणि आधी जे करत होतो ते बदलायची तयारी तिच्यात होती.

मात्र द्रवाने आपला स्वभाव दाखवला. कर्करोगाच्या गाठीतला दाब आजूबाजूच्या ऊतींपेक्षा जास्त असतो. हे मोजमापाने ठामपणे मांडले ते फार पुढे, राकेश जैन यांच्यासारख्या संशोधकांनी, पण फ्लॉक्स यांच्या पिढीच्या हातांना ते जाणवलेच असणार : टोचलेला द्रव गाठीत सारखा पसरत नाही, जिथे वाट मिळेल तिथे साचतो, सुईच्याच मार्गाने मागेही येतो. चार मिलिमीटर पोचणाऱ्या किरणांसाठी ही असमानता घातक. एका जागी मात्रा गरजेच्या कित्येक पट, तर बोटभर अंतरावर शून्य. शेजारचे गुदाशय भाजल्याच्या तक्रारी आल्या त्या यातूनच. काही कण लसिकांच्या वाटेने जवळच्या लसिका ग्रंथींत जात. फ्लॉक्स याला दोष मानत नव्हते, रोगही त्याच वाटेने जातो, तेव्हा औषध मागोमाग गेले तर बरेच, असा त्यांचा विचार. विचार हुशारीचा होता. पण औषध किती जाईल आणि कुठे थांबेल हे डॉक्टरच्या हातात नसेल तर त्याला मात्रा म्हणता येत नाही. सोन्याचे दुसरे दावे, अर्धायुष्य, मजबूत होते म्हणून चुकांची किंमत मर्यादित राहिली. ते नसते तर काय झाले असते, याचे उदाहरण त्याच काळात दुसऱ्या बाजूला चालू होते. क्ष-किरणांच्या चित्रात रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून १९३०च्या आसपासपासून दोन दशकांहून अधिक काळ ‘थोरोट्रास्ट’ नावाचे थोरियम ऑक्साइडचे कलिल हजारो रोग्यांना टोचले गेले. तेही कलिलच, तेही जागेवर राहणारे. पण ते राहिले यकृतात आणि प्लीहेत, आणि थोरियमचे अर्धायुष्य चौदाशे कोटी वर्षांचे. कित्येकांना वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला.

इथे एक मोठा आक्षेप येतो. आयोवात सोने टोचायला सुरुवात झाली त्याच १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० च्या यंत्राने पहिल्या रोग्यांवर उपचार झाले. पुढे रेषीय त्वरक आले, संगणक आले. आज आपल्याकडे लोक ज्याला ‘शेक घेणे’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात ते बहुतेक वेळा या बाहेरच्या यंत्रांवरच होते. मग सुई मागे पडली ती या यंत्रांनी हरवली म्हणून, दाव्याबिव्याचा यात संबंध काय? आक्षेपात तथ्य आहे. बाहेरचा किरण निदान मोजता येत होता, टोचलेला द्रव मोजता येत नव्हता, आणि डॉक्टर मोजता येणाऱ्या गोष्टीकडे वळले. पण यामुळे माझाच मुद्दा पक्का होतो. जिथे आतला स्रोत नीट बांधलेला होता तिथे यंत्राने त्याची जागा घेतलेली नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग घ्या. रेडियमच्या काळापासून तिथे नैसर्गिक पोकळीत नळी ठेवून उपचार होतात. नंतर रिकामी नळी आधी बसवून स्रोत मागून सरकवण्याची सोय झाली, त्यामुळे परिचारिकांच्या हातांची होरपळ थांबली. आजही, बाहेरून कितीही अचूक किरण देता येत असले तरी, शेवटचा टप्पा आतूनच द्यावा लागतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २००३ ते २०१५ या काळात ६३३ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत एका गटाला आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया केली, तर दुसऱ्या गटाला रासायनिक औषधासोबत बाहेरून आणि आतून किरण दिले. पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६९.३ टक्के आणि दुसऱ्यात ७६.७ टक्के निघाले. परळच्या या निष्कर्षाची दखल जगाने घेतली. आतल्या किरणांचा वाटा त्यात वेगळा काढून दाखवलेला नाही हे खरे, पण ते बाजूला ठेवून हा उपचार पूर्ण होतच नाही.

प्रोस्टेटचीच पुढची हकीकत तर जवळजवळ प्रयोगशाळेत मांडावी इतकी नेटकी आहे. द्रव सोने मागे पडल्यावर न्यूयॉर्कच्या मेमोरियलमध्ये विलेट व्हिटमोर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या सुमारास आयोडीन-१२५ चे बी, म्हणजे गाठीत सोडून द्यायचे बारीक तुकडे, आणले. अर्धायुष्य सुमारे ५९ दिवस, किरण मवाळ, भोवती धातूचे कवच. दोन्ही दावी चोख. पण ओटीपोट उघडून, गुदाशयात बोट घालून सुईचा अंदाज घेत, नुसत्या हाताने बी पेरले जात. काही वर्षांनी रोग बऱ्याच जणांत परतला आणि हा उपाय बदनाम झाला. १९८३ मध्ये डेन्मार्कचे हान्स हेन्रिक होल्म यांनी गुदाशयातून अल्ट्रासाउंड लावून, प्रत्येक सुई पडद्यावर बघत बी पेरण्याची रीत दाखवली. सिएटलच्या डॉक्टरांनी ती उचलली आणि पुढच्या दशकात हा उपचार अमेरिकेत रुळला. आयोडीन तेच होते, बी तेच, अवयव तोच. बदलली ती बी कुठे पडते आहे हे दिसण्याची सोय. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आयोडीन-१२५ चे बी स्वतः बनवले, ते डोळ्यातल्या कर्करोगासाठी वापरले गेले. नंतर त्याच कामासाठी रुथेनियम-१०६ ची चकतीही तिथेच तयार झाली. डोळ्याला चकती लावणे म्हणजे गाठीत टोचणे नव्हे, पण तत्त्व तेच : स्रोत गाठीला खेटून आणि नेमक्या मापाने.

द्रव टोचणे मात्र एका ठिकाणी यशस्वी झाले, आणि ते का झाले हे लक्षात घेण्यासारखे आहे. मेंदूच्या तळाशी क्रेनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होते, तिच्यात बरेचदा द्रवाने भरलेली पिशवी असते. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पिशवीत किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ सोडले. त्याचे बीटा किरण फार तर आठ मिलिमीटर जातात, पिशवीचे आतले अस्तर भाजते आणि पलीकडची दृष्टिचेता बहुधा वाचते. पिशवी आकसते. इथे भिंत निसर्गाने तयार ठेवली होती, म्हणून द्रव भटकला नाही. तेच फॉस्फरस-३२ पुढे स्वादुपिंडाच्या घट्ट गाठीत टोचून पाहिले, तेव्हा २००८ मध्ये छापलेल्या एका लहान यादृच्छिक चाचणीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, उलट त्रासच अधिक झाला. स्वादुपिंडाची गाठ कडक, दाब जास्त, पिशवी नाही. पदार्थ एकच, फक्त घर बदलले.

इथे दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून जड आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग गाठ दिसेपर्यंत बहुधा पसरलेला असतो. मग जागेवर कितीही नीट बांधून ठेवले तरी काय उपयोग? ज्याने माणूस मरतो तो रोग दुसरीकडे आहे. यकृताचे उदाहरण आक्षेपकाच्या बाजूने जाते. यट्रियम-९० चे काचेचे वा रेझिनचे सूक्ष्म मणी यकृताच्या रोहिणीतून गाठीकडे सोडले जातात. मणी केसाहून बारीक, पण केशवाहिनीत अडकण्याइतके जाड, त्यामुळे ते गाठीत रुततात. भाभा केंद्राने असे मणी ‘भाभास्फिअर’ नावाने तयार केले आहेत. बांधणी म्हणून ही युक्ती फार सुरेख आहे. तरीही आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या ११०३ रोग्यांच्या तीन चाचण्यांचा एकत्र निकाल २०१७ मध्ये लागला, तेव्हा रासायनिक औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच हे मणी दिल्याने एकूण आयुष्य वाढले नाही. मला हे नाकारायचे नाही. जागेवर राहणे ही पहिली अट आहे, एकमेव नाही. पण या निकालाने सिद्ध होते ते इतकेच की पसरलेल्या रोगाला गाठीतला उपाय पुरत नाही. जिथे रोग एकाच जागी आहे, किंवा एका जागची गाठच श्वास, अन्न, लघवी अडवते आहे, तिथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. आणि अशी माणसे कमी नाहीत.

तिसरा आक्षेप मी स्वतःच काढतो, कारण तो माझ्या मांडणीच्या मुळावर येतो. इस्रायलमध्ये तेल अवीव विद्यापीठातील इत्झाक केल्सन आणि योना केसारी यांनी रेडियम-२२४ चढवलेल्या बारीक धातूच्या बियांचा उपचार शोधला. त्यातून सुटणारे अल्फा कण मांसात एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकेही जात नाहीत, म्हणजे बी जागेवर बांधून ठेवले तर ते जवळजवळ निरुपयोगी. त्यांनी बांधणी मुद्दाम सैल ठेवली. रेडियम धातूला चिकटून राहते, पण त्यापासून जन्मणारे रेडॉन-२२० आणि पुढचे अणू उडून गाठीत झिरपतात आणि वाटेत अल्फा कण सोडतात. मग भिंतीचे काय झाले? भिंत नाही, पण दुसरे दावे आहे आणि ते फार आखूड आहे : रेडॉन-२२० चे अर्धायुष्य ५६ सेकंदांचे. तेवढ्या वेळात अणू काही मिलिमीटरच जाऊ शकतो. त्याच्यानंतर येणारे शिसे-२१२ साडेदहा तासांचे, त्यातला काही भाग रक्तात निसटतो, आणि ते हिशेबात धरलेले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात त्वचेच्या आणि डोक्या-मानेच्या मोजता आलेल्या २८ गाठींपैकी २२ पूर्ण नाहीशा झाल्या. अभ्यास छोटा आहे आणि तुलनेला दुसरा गट नाही. पण फ्लॉक्स यांनी लसिकांच्या वाटेने जाणाऱ्या सोन्यावर जो भरवसा ठेवला, तोच विचार इथे परत आला आहे, फक्त आता पदार्थ किती लांब जाईल हे आधी सांगता येते.

घट्ट गाठीत टोचण्याचे प्रयत्नही पुन्हा चालू आहेत. फॉस्फरस-३२ आता द्रवात मोकळे न सोडता सिलिकॉनच्या सूक्ष्म कणांत बसवून, जठरातून नेलेल्या एंडोस्कोपच्या अल्ट्रासाउंडने बघत स्वादुपिंडाच्या गाठीत सोडतात. त्या ‘ऑन्कोसिल’ला २०२० मध्ये युरोपात विक्रीची परवानगी मिळाली. नेदरलँड्समध्ये होल्मियम-१६६ चे मणी गाठीत टोचतात. होल्मियम चुंबकीय चित्रणात दिसते, म्हणजे मणी कुठे साचले हे टोचल्यावर तपासता येते. यातली कोणती वाट टिकेल हे चाचण्या ठरवतील. ‘ऑन्कोसिल’च्या मुख्य अभ्यासातही तुलनेचा गट नव्हता, तेव्हा आज त्याला सिद्ध उपचार म्हणणे घाईचे आहे.

घरातल्या कुणासाठी ‘गाठीतच किरणोत्सर्गी इंजेक्शन’ अशी जाहिरात समोर आली, इथली असो वा परदेशातली, तर किरण किती जोरकस आहेत हे विचारू नका. टोचलेल्यातले किती गाठीत राहते आणि ते टोचल्यानंतर कशाने मोजतात ते विचारा. बाहेर निसटलेले कुठे जाते आणि किती दिवसांत विझते ते विचारा. ज्यांना हे दिले नाही अशा रोग्यांशी तुलना झाली आहे का, तेही विचारा. तिन्हींची उत्तरे कागदावर मिळत नसतील, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.